शाईविना उठावाचे मुद्राचित्र: खान्देशातील कापूस, केळीचा तंतू आणि मातीतून

सोमनाथ होर यांनी १९७१ पासून ‘वूंड्स’, म्हणजे जखमा, ही मुद्राचित्रांची मालिका केली. तिच्यात पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव आहे, आणि चित्र दिसते ते केवळ उजेड व सावली यांमुळे. १९२१ साली चटगाव भागात जन्मलेल्या या चित्रकाराने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील माणसे रेखाटली होती आणि १९४६ च्या तेभागा या बंगालमधील बटाईदारांच्या आंदोलनातील शेतकरीही चितारले होते. पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात मुद्राचित्रण शिकवत असताना त्यांनी माती किंवा मेणाच्या पाटीवर सुरीने आणि तापलेल्या सळईने घाव घातले, त्या पाटीवरून सिमेंटचा साचा काढला आणि त्या साच्यात कागदाचा ओला लगदा दाबून वाळवला. साच्यातून सुटून आलेल्या कागदावर घावांचे चित्र छापलेले नसते, कागद स्वतःच चिरलेला आणि सुजलेला असतो. खोली असलेले मुद्राचित्र करू इच्छिणाऱ्याने आरंभ याच पद्धतीने करावा, असे माझे ठाम मत आहे. तिला छापयंत्र लागत नाही हे एक कारण झाले. त्याहून महत्त्वाचे कारण असे की या कामात कागद हेच खरे माध्यम आहे, आणि ते ध्यानात यायचे तर काही काळ शाई बाजूला ठेवावी लागते.

खान्देशात या कामाची सामग्री हाताशी आहे. जुने सुती कापड घरोघरी असते, रावेर, यावल आणि चोपडा या पट्ट्यात केळीचे खांब कापणीनंतर शेतात पडून असतात, आणि शाडू माती गणेशमूर्तिकारांकडे मिळते. पुढील मापे २० × ३० सेंटीमीटरच्या पाटीसाठी आहेत. त्याहून मोठे काम पहिल्यांदा घेऊ नये, कारण उठाव असलेला कागद आकाराने जितका मोठा, तितका तो वाळताना जास्त ओढला जातो.

मातीची पाटी

सनमायका लावलेल्या फळीवर किंवा जाड काचेवर २० × ३० सेंटीमीटरची लाकडी चौकट ठेवावी. चौकटीची उंची किमान ६ सेंटीमीटर असावी, कारण पुढे प्लास्टरही तिच्यातच ओतायचे आहे. सुमारे तीन किलो शाडू चांगली मळून, तिच्यातील हवा काढून, अडीच सेंटीमीटर जाडीचा थर चौकटीत दाबून बसवावा आणि ओल्या पट्टीने सपाट करावा. लगेच कोरायला घेऊ नये. माती चामड्याइतकी घट्ट झाली की सुरीचा काप स्वच्छ उतरतो. हिवाळ्यात त्यासाठी अर्धा दिवस लागतो, तर एप्रिल-मे मध्ये दोन तासांतच माती कडक होऊ लागते. त्या दिवसांत पाटीवर ओले फडके ठेवून थोडा थोडा भाग उघडत काम करावे.

मातीत जे खोल कोराल ते साच्यात उंच येते आणि कागदावर पुन्हा खोल होते. उजवे-डावेही दोनदा उलटत असल्याने मूळ बाजूलाच परत येते. म्हणजे मातीवर अक्षरे लिहायची असतील तर ती सरळ लिहावीत. लाकडावर किंवा लिनोवर छापण्याची सवय असलेले अनेक जण येथे हात आखडतात आणि सवयीने उलटे लिहितात.

उठाव १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा, आणि प्रत्येक कापाच्या भिंती वर येताना थोड्या बाहेर कललेल्या असाव्यात. भिंत आतल्या बाजूने पोखरली गेली तर प्लास्टर तेथे अडकते, आणि साचा निघाला तरी पुढे कागद त्याच जागी फाटतो. म्हणून कोरून झाल्यावर पाटी डोळ्यांच्या रेषेत धरून चारही बाजूंनी पाहावी. एखादा काप अत्यंत आवडलेला असला तरी तो पोखरलेला असेल तर त्यात मातीची बारीक वळी भरून भिंतीला उतार द्यावा.

पोतासाठी येथील वस्तू मुद्दाम वापराव्यात. केळीचा खांब आडवा कापला की एकावर एक बसलेल्या सोपांच्या, म्हणजे खांबाच्या थरांच्या, कडा आणि त्यांच्यातील हवेच्या पोकळ्यांची जाळी दिसते. तो काप तासभर हवेत ठेवून त्याचा चीक पुसून मातीवर दाबला, तर इतका नेमका ठसा मिळतो की तसा हाताने कोरणे जवळजवळ अशक्य आहे. कापसाच्या वाळलेल्या बोंडाचे कप्पे, गोणपाट, खाटेची जुनी सुंभाची वीण आणि ज्वारीच्या ताटाच्या कांड्या हेही उत्तम ठसे देतात. मात्र अशा ठशांनी सगळी पाटी भरून टाकण्याचा मोह आवरावा. पोत जेव्हा सर्वत्र असतो तेव्हा तो कोठेच दिसत नाही. होर यांच्या कागदावर मोठा भाग शांत आणि जवळजवळ सपाट असतो, आणि म्हणूनच त्यातील एक चीर नजर धरून ठेवते.

काळ्या मातीच्या भेगांचाही एक प्रयोग सुचवावासा वाटतो. काळी माती वाळताना आकसते, म्हणून कोरण्याच्या पाटीला ती निरुपयोगी आहे, पण उन्हाळ्यातील शेताच्या जमिनीचा तोच तर चेहरा आहे. पसरट ताटात काळ्या चिखलाचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर ओतून उन्हात पूर्ण तडकू द्यावा. भेगांमध्ये बारीक ओली रेती भरून त्यांची खोली चार-पाच मिलिमीटरवर आणावी, नाहीतर प्लास्टर तळापर्यंत शिरून पातळ, ठिसूळ पाती तयार होतात. कोरडी काळी माती पाणी लागताच फुगून विरघळते, म्हणून तिच्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे (शेलॅकचे) दोन हात द्यावेत आणि ते वाळल्यावरच प्लास्टर ओतावे.

साचा

साच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस सोपे आणि सिमेंट टिकाऊ. या आकाराला तीन सेंटीमीटर जाडीच्या थरासाठी पावणेदोन किलो प्लास्टर आणि सव्वा लिटर पाणी पुरते. तोंडाला मास्क बांधावा. घमेल्यात आधी पाणी घ्यावे आणि प्लास्टर मुठीने भुरभुरत त्यात सोडावे. पाणी प्लास्टरवर ओतल्यास गुठळ्या होतात. एक-दोन मिनिटे ते भिजू द्यावे, मग हात तळाशी ठेवून हळू ढवळावे, म्हणजे बुडबुडे मिसळत नाहीत. दाट सायीसारखे झाले की चौकटीच्या एका कोपऱ्यातून ओतावे. निम्मे ओतून झाल्यावर फळी खालून ठोकावी, सुटे केलेले तागाचे धागे पसरावेत आणि उरलेले ओतावे. अर्ध्या तासात प्लास्टर तापून घट्ट होते. ते पुन्हा निवले की चौकट काढून माती सोडवावी, आणि अडकलेली माती मऊ ब्रश व पाण्याने काढावी. लोखंडी टोकदार हत्यार येथे चालवू नये. भांड्यात उरलेले प्लास्टर मोरीत ओतू नये. ते घट्ट होऊ द्यावे आणि कचऱ्यात टाकावे.

ज्याला आठ-दहापेक्षा जास्त प्रती काढायच्या आहेत त्याने एक भाग सिमेंट आणि दोन भाग चाळलेली बारीक रेती यांचा साचा करावा. तो किमान सात दिवस ओल्या पोत्याखाली ठेवावा. सिमेंटमधील क्षार ओल्या लगद्यात उतरतात आणि केळीच्या तंतूला पिवळेपणा आणतात, त्यामुळे सिमेंटचा साचा त्यानंतर आठवडाभर पाणी बदलत बुडवून ठेवावा.

साचा पूर्ण वाळल्यावर त्यावर चपडा लाखेचे दोन पातळ हात द्यावेत. जाड हात दिल्यास बारीक पोत बुजतो. तेल किंवा व्हॅसलीन लावू नये, कारण त्याचे डाग पांढऱ्या कागदावर वर्षभरानेही वर येतात. प्रत्येक छापाआधी साच्याला साबणाच्या दाट पाण्याचा हात ब्रशने द्यावा आणि जास्तीचा फेस स्पंजाने टिपून घ्यावा.

लगदा

सगळ्या कामाचा जीव लगद्यात आहे. लांब तंतूचा लगदा मजबूत असतो, पण बारीक खोबणीत सहज उतरत नाही. आखूड तंतूचा लगदा प्रत्येक रेघ टिपतो, पण वाळल्यावर ठिसूळ होतो. तंतू जितका कुटावा तितका तो पाणी धरतो, आणि जितके पाणी धरतो तितका वाळताना आकसतो. म्हणून उठावाच्या छापासाठी मध्यम कुटलेला सुती लगदा हा आधार मानावा आणि त्यात थोडाच केळीचा तंतू मिसळावा. चार भाग कापूस आणि एक भाग केळी हे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. केळीचा भाग तिसऱ्या हिश्श्यावर गेला की कागद सुंदर खडखडीत होतो खरा, पण कडा वर वळतात.

खान्देशात जिनिंगची कमतरता नाही, तेव्हा सरळ सरकी काढलेला कापूसच का घेऊ नये, असे कुणालाही वाटेल. त्याचे तंतू कागदाला फार लांब असतात आणि लगद्यात दोऱ्या वळतात. शिवाय कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असल्याने तो पाण्यावर तरंगत राहतो. जुने, अनेकदा धुतलेले धोतर किंवा सुती साडी यांतील मेण गेलेले असते आणि तंतू मऊ झालेला असतो. कापड शुद्ध सुती आहे ना, हे एक धागा जाळून पाहावे. सुती धागा कागदासारखा वास देत मऊ राख होतो, तर पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. कापडाचे एक सेंटीमीटरचे तुकडे करून रात्रभर भिजवावेत, धुण्याच्या सोड्यात दोन तास उकळावेत, स्वच्छ धुवावेत आणि दगडावर धोपाटण्याने तंतू सुटेपर्यंत कुटावेत. त्यानंतरच लहान मूठभर कुटलेले कापड एक लिटर पाण्यात घालून मिक्सरमधून थांबून थांबून फिरवावे. न कुटलेले कापड सरळ मिक्सरमध्ये घातले तर धागे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. ज्यांना एवढे श्रम शक्य नाहीत त्यांनी फ्रेमिंगच्या दुकानातील सुती माउंट बोर्डाच्या कातरणी किंवा टिपकागद रात्रभर भिजवून वापरला तरी चालेल.

केळीचा तंतू खांबाच्या बाहेरील सोपांतून काढलेला घ्यावा. शंभर ग्रॅम कोरडा तंतू एक-दोन सेंटीमीटर लांबीचा कापून, वीस ग्रॅम धुण्याचा सोडा घातलेल्या तीन लिटर पाण्यात स्टीलच्या पातेल्यात तीन तास मंद उकळावा. ॲल्युमिनियमचे भांडे सोड्याने खराब होते. हातमोजे घालावेत आणि काम उघड्यावर करावे, कारण वास तीव्र येतो. एक तंतू चिमटीत धरून ओढल्यावर तो लांबीत सहज उलगडला म्हणजे शिजला. हाताला बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत धुवावा, मग कुटावा.

एका छापाला सुमारे ६० ग्रॅम कोरड्या वजनाचा तंतू लागतो. त्यात पाच-सहा ग्रॅम खडूची पूड मिसळल्यास पांढरेपणा वाढतो आणि आकसणे थोडे कमी होते. चिकटपणासाठी मिथाइल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचे पातळ द्रावण अर्धी वाटी घालावे. गव्हाची खळ टाळावी, कारण पावसाळ्यात तिच्यामुळे कसर लागते. लगदा झाला की नाही हे पाहण्यासाठी चमचाभर लगदा काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात हलवावा. तंतू ढगासारखे पसरले आणि गाठी दिसल्या नाहीत, तर तो तयार आहे.

छाप घेणे आणि वाळवणे

लगदा मच्छरदाणीच्या कापडातून गाळून घ्यावा, पण पिळू नये. साच्यावर आधी खोल जागा भराव्यात. लगद्याची छोटी चिमूट बसवून आखूड केसांच्या कडक ब्रशने टोचत टोचत ती तळापर्यंत पोचवावी. मग सर्व पृष्ठावर पाच मिलिमीटर जाडीचा थर द्यावा, प्रत्येक चिमूट शेजारच्या चिमटीवर अर्धी चढलेली असावी. वरून जाळीचे कापड घालून स्पंजाने आधी अगदी हलके टिपावे. पहिल्याच दाबाला जोर दिला तर लगदा उंच भागांवरून घसरतो आणि तेथे कागद पातळ राहतो. स्पंज पिळून पुन्हा पुन्हा दाबत जोर वाढवावा. शेवटी जाळी काढून सुती फडके घालावे आणि अंगठ्याने प्रत्येक खोबणीच्या कडेने दाब द्यावा. पाणी निघेनासे झाले की थांबावे.

वाळवण्यासाठी खान्देशातील ऋतूंचा विचार करावाच लागतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत कागदाच्या कडा तासाभरात वाळून आकसतात, मध्य मात्र ओला असतो, आणि त्या ओढाताणीत छाप साच्यावरून अर्धवट सुटून वाकडा होतो किंवा खोल चिरेपाशी फाटतो. म्हणून उन्हाळ्यात छाप सूर्यास्तानंतर घ्यावा, पहिली रात्र कडांवर ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि पंखा लावू नये. पावसाळ्यात नेमके उलटे करावे. दोन दिवसांत वाळला नाही तर लगद्याला बुरशी धरते, तेव्हा पंखा सतत चालू ठेवावा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत उत्तम, आणि मोठे काम तेव्हाच हाती घ्यावे. पूर्ण वाळलेला कागद गालाला लावल्यावर गार लागत नाही. तो बोथट सुरीने एका कोपऱ्यातून हळूहळू उचलावा.

छापयंत्र मिळाल्यास

यानंतर कोलाग्राफकडे वळावे. यात दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर कापड, वाळू, दोरा, वाळलेले सोप असे पदार्थ फेव्हिकॉलने चिकटवून प्लेट करतात, तिच्यावर शाई लावून पुसतात आणि ओलसर कागदासह रुळांखालून काढतात. लगद्याच्या छापात बारा मिलिमीटर चालणारा उठाव येथे दोन-तीन मिलिमीटरवर थांबवावा लागतो, कारण तयार कागद तेवढाच ताणला जातो. प्लेटच्या कडा तिरक्या घासाव्यात, आणि कोणतेही टोक बोटाला टोचत असेल तर ते कागदाला फाडणार हे नक्की. पुढून, मागून आणि कडांना वॉर्निशचे दोन हात देऊन प्लेट दोन दिवस वाळवावी. दर चौरस मीटरला २५० ते ३०० ग्रॅम वजनाचा सुती हातकागद अर्धा ते एक तास भिजवून, टिपकागदात घालून, चकाकी जाईपर्यंत कोरडा करावा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद या कामाला चांगला पडतो. उन्हाळ्यात शाई लावेपर्यंत कागद वाळतो, म्हणून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. त्याच उष्णतेने शाई सैल होऊन पुसताना खोबणीतूनही निघून जाते. तिच्यात थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घोटल्यास ती पुन्हा घट्ट होते. धुळ्याच्या थंडीत मात्र शाई घट्ट होते, तेव्हा जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात.

रंगांची पुढची पायरी कृष्णा रेड्डी यांच्या कामात आहे. शिल्पकार म्हणून शिकलेल्या रेड्डींनी पॅरिसमध्ये मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या आतलिए १७ या कार्यशाळेत जस्ताच्या प्लेटी शिल्पासारख्या अनेक पातळ्यांवर कोरल्या आणि एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग काढण्याची पद्धत विकसित करण्यात मोठा वाटा उचलला. कोलाग्राफवर तिचा साधा प्रयोग करता येतो. सर्वांत खोल जागी शाई भरून पुसावी. मग जास्त तेल घातलेली पातळ शाई कडक रुळाने फक्त वरच्या पातळीवर द्यावी, आणि त्यानंतर कमी तेलाची दाट शाई मऊ रुळाने फिरवावी. मऊ रूळ खालच्या पातळीपर्यंत पोचतो, पण जेथे पातळ शाई आधीच आहे तेथे दाट शाई चिकटत नाही, आणि रंग आपापल्या उंचीवर वेगळे राहतात. दोन्ही शाया सुरीवर घेऊन त्यांचा ओघळण्याचा वेग डोळ्यांना स्पष्ट वेगळा दिसेपर्यंत तेल कमी-जास्त करावे. फरक थोडाच असेल तर रंग नुसते मिसळतात. दोन पातळ्या आणि दोन शाया यांवर हात बसल्याशिवाय तिसरी घेऊ नये.

मांडणी आणि जतन

उठावाचे चित्र सपाट काचेला टेकवून फ्रेम केले तर ते मरते. कागद आणि काच यांत किमान दोन सेंटीमीटर अंतर राहील अशी खोल चौकट सुताराकडून करून घ्यावी आणि कागद मागच्या फळीला फक्त वरच्या कडेने, कापडी पट्टीने टांगावा. उजेड भिंतीला घासत, एका बाजूने, सुमारे तीस अंशांवर यावा. समोरून येणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये पांढऱ्या कागदावरील सर्वांत खोल घावही दिसेनासा होतो. चित्रात सावली कोणत्या बाजूला पडावी हे माती कोरतानाच ठरवावे, म्हणजे पुढे टांगणाऱ्याला तशी सूचना देता येते.

प्लास्टरच्या साच्याच्या बारीक कडा प्रत्येक छापाला थोड्या झिजतात. पहिला छाप जपून ठेवावा आणि प्रत्येक नवा छाप त्याच्याशेजारी, त्याच उजेडात ठेवून पाहावा. फरक जाणवू लागला की प्रती तेथेच थांबवाव्यात आणि पेन्सिलीने डाव्या बाजूला प्रतीचा क्रमांक व एकूण संख्या, उजवीकडे सही आणि वर्ष लिहावे. लिहिण्याची जागा मातीवरच दीड सेंटीमीटरची सपाट पट्टी सोडून राखून ठेवावी, कारण उठावाच्या कागदावर नंतर पेन्सिल टेकवायला सपाट जागा सापडत नाही. साचा धुऊन, पूर्ण वाळवून, फडक्यात गुंडाळून उभा ठेवावा. आडवा ठेवून त्यावर दुसरा साचा रचल्यास पातळ कडा तुटतात.